ढोल मोबाईलनं वाजवला

जीप सुटली तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, मला निरोप द्यायला जवळ आलेच नाहीत. पाठवणीला पोरीच्या बापानं रडायचं असतं आणि ते त्यांना चारचौघांत जमणारं नव्हतं. म्हणून ते बिरोबाच्या देवळापुढं उभे राहून ढोल वाजवत राहिले. आईनं खिडकीतून डोकं आत घातलं, माझ्या हिरव्या चुड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता हात आवर, बाय. सासरी जाऊन डबं बडवू नगंस." बाकीच्या मुलींना निघताना काय काय ऐकायला मिळतं, मला हे मिळालं. माण मागं पडलं, फलटण गेलं, लोणंद गेलं, तरी माझी बोटं जीपच्या सीटवर वाजतच होती.

आम्ही मेंढरंवाले. आबा गजी नाचाचे ढोलकरी. देवापुढं पुरुष गोल धरून, हातात रुमाल घेऊन नाचतात आणि मधोमध गळ्यात भला मोठा ढोल अडकवून आबा उभे. एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला तळहात. ते वाजवायचे आणि मी लांब बसून तेच पत्र्याच्या डब्यावर वाजवायची. आबा हसायचे, कधी मान डोलवायचे, पण ढोलाला हात लावू दिला नाही. बायकांनी ढोल वाजवायचा नाही असं आमच्यात कुणी सांगतही नाही. सांगायची वेळच कधी आली नव्हती.

शिरवळला आले ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. नवरा कंपनीत, तीन पाळ्यांत. रात्रपाळी असली की तो दिवसा झोपतो आणि मी भांडं खाली ठेवतानासुद्धा श्वास रोखते. खिडकीला ग्रील, समोरच्या इमारतीच्या खिडकीला ग्रील, मधे वाळत घातलेले कपडे. उघड्या माळावर मेंढरांमागं हिंडलेली मी इथं कपडे काढायला गजांतून हात बाहेर घालायची. पहिलं वर्ष मी नुसती कोंडून गेले. माणूस वाईट नव्हता, शेजार वाईट नव्हता, जेवायला कमी नव्हतं. त्यामुळं तक्रार तरी काय करायची, तेही कळत नव्हतं.

मग मोबाईलवर ते ॲप सापडलं. काचेवर चौकोन दिसतात, चौकोनाला आवाज लावायचा आणि बोट टेकवलं की वाजतो. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, आबांच्या ढोलाचे आवाज रेकॉर्ड करून पाठवायला लावले. काठीचा एक, तळहाताचा एक, कडेचा एक. मी ते चौकोनांत बसवले, कानात इअरफोन घातले आणि लग्नानंतर पहिल्यांदा ढोल वाजवला. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "वाजीव की! कोण नगं म्हणतंय? फकस्त आवाज नगं." मी हसले आणि आत जाऊन रडले. घरात भाजी चिरल्याचा आवाज व्हायचा, ढोलाचा नाही. मी ट्रॅक करायची, लूप लावायची, सेव्ह करायची. ऐकणारी मीच.

यंदा दादाचा फोन आला. आबांचा खांदा पार गेलाय, ढोल गळ्यात घेता येत नाही. दुसरे वाजवणारे मुंबईला, त्यांना रजा नाही. जत्रा तोंडावर आलेली आणि बिनढोलाचा गजी होणार. "तुझ्या मोबाईलातला ढोल दे धाडून," तो म्हणाला. माझी लेक नुकतीच जन्मली होती. आई बाळंतपणासाठी माझ्याकडं आली होती आणि सव्वा महिना मला उंबऱ्याबाहेर पाय टाकू देणार नव्हती. मी काय जाणार? फाईल पाठवली.

तालमीत त्या फाईलनं म्हाताऱ्यांचा जीव काढला. ढोलकरी नाचणाऱ्याच्या पायाकडं बघून वाजवतो. कुणी दमला तर जरा सैल सोडतो, पाय रंगले तर वाढवतो. फाईल कुणाकडं बघणार? दादा म्हणाला, "नाचता नाचता तात्या दमून खाली बसलं तरी ढोल आपला चालूच! सोने, तूच वाजीव तितनं."

मग जुळवाजुळव केली. साध्या कॉलवर ढोल जाईना. फोनला तो गोंगाट वाटायचा आणि तो गाळून टाकायचा. नवऱ्यानं मीटिंगच्या ॲपमधली एक सेटिंग शोधली, आवाज जसा आहे तसा सोडायची, आणि दोन मोबाईल जोडायची वायर आणली. तिकडं दादानं त्याचा मोबाईल देवळापुढच्या स्पीकरला जोडला. जत्रेच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मी बाजेवर बसले. एका मोबाईलवर माझे चौकोन, दुसऱ्यावर देवळापुढचे पाय. आईनं लेकीला मांडीवर घेतलं. मी बाळंतीण, आणि देवापुढं ढोल वाजवणार. आई नुसती तोंड फिरवून बसली.

सुरुवातीला सगळं फसलं. पाय मला उशिरा दिसत होते आणि माझा ठोका तिथं आणखी उशिरा पोचत होता. मी पायांमागं धावत होते, पाय ढोलामागं. गोल फाटायला लागला. दादा ओरडत होता, "आगं, धर, धर!" आबांचा ढोल माझ्या हातानं देवापुढं बुडणार होता. तेव्हा मी तो दुसरा मोबाईल पालथा घातला. पायांकडं बघणं सोडलं आणि लहानपणी डब्यावर जसं वाजवायची तसं, आबांचं वाजवणं आठवत, ते सैल सोडायचे तिथं सैल सोडत, वाढवायचे तिथं वाढवत वाजवत गेले. जरा वेळानं आईनं हळूच तो मोबाईल उचलून बघितला आणि पुटपुटली, "धरला गं. गोल धरला." खोलीत फक्त काचेवर बोटं टेकल्याचा आवाज होता. रात्रपाळी करून आलेला नवरा शेजारी गाढ झोपला होता. आणि माझ्या गावात जमीन हादरत होती.

दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला. "ढोल लय बेस वाजला. समदी म्हनत्यात, मोबाईलानं वाजवला." मग म्हणाले, "पर सोने, मोबाईलाच्या गळ्यात पट्टा असतो व्हय गं?"

मला कळेना.

"गत वाढायच्या आदी ढोल वाईच थांबला. माजा बी तितंच थांबायचा. पट्टा खांद्याला काचायचा, तवा त्यो वर सारायचो. त्यो ताल न्हवं, पोरी. माजं दुखणं हाय त्ये."

मला आयुष्यभर वाटत होतं, ती जागा ठेक्यातच आहे. मी तीही वाजवत होते, गळ्यात काही नसताना. आम्ही दोघंही हसलो. मग मी धीर करून म्हणाले, "मंग सांगा की आबा गावात, मीच वाजवला म्हणून."

आबा हळूच म्हणाले, "नगं. तू बाळंतीन. लोक इटाळ धरतील. मोबाईलाला इटाळ नसतो. म्होरल्या साली बी मोबाईलच म्हनू. पर वाजवायचं तूच."

त्यांनी मला केवढं दिलं, हे त्यांना ठाऊक होतं. ढोल दिला. आणि त्याच वाक्यात दारही लावून घेतलं. मला आनंद झाला आणि तितकाच रागही आला. अजून दोन्ही आहेत.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या खोल्यांत येऊन राहिलेल्या बायांनो, म्हणून हे लिहितेय. आबा रागावतील. शिरवळला मी घर मानलेलं नाही, आणि गाव मला पाहुणी मानतं. आता घर म्हणजे मला एकच वाटतं: जिथं आपण वाजवलेलं आपल्या नावावर लागतं. पुढच्या जत्रेला दादाचा फोन येईल तेव्हा आधी गावानं माझं नाव घेऊन बोलवावं. सोनालीला सांगा, ढोल धर म्हणावं.

नाव घेववत नसेल, तर मोबाईललाच सांगा वाजवायला.