मामाला पोलिओ नव्हता

उंद्रीच्या अंगणवाडीतल्या पंचफुलाबाईनं पंधरा वर्षं गावातल्या पोरांना पोलिओचे थेंब पाजले. तिचा स्वतःचा धम्मदीप मात्र पाचव्या वर्षापासून चालता चालता पडायला लागला. त्याच्या पोटऱ्या चांगल्या गरगरीत होत्या, त्यामुळे पोरगा पैलवान होणार म्हणून बाप इंद्रभान गावभर मिरवायचा. पोरगा स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत कसाबसा उठे. बापाला तो आळस वाटायचा, म्हणून रोज त्याच्याकडून पन्नास बैठका काढून घ्यायचा.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी नीट सांगितलं. हा स्नायू झिजवणारा आजार रक्तातून येतो. पोटऱ्यांत ताकद नाही, चरबी साचली आहे, आणि बैठकांनी नुकसानच झालंय. होतो तो बहुतेक मुलग्यांना, पण येतो आईकडून.

"तुमच्या माहेरी कुणाला होता?"

होता. पंचफुलाचा मामा असाच लुळा पडून सतराव्या वर्षी गेला होता. त्याला पोलिओ होता, असंच घरात सगळे सांगायचे. तिनं माहेरी जाऊन आईला विचारलं, तर आई तांदूळ निवडत म्हणाली, "मले मालूम होतं. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं. गावभर सांगून तुमाले बिनलग्नाच्या घरातच ठेवतो काय?"

पंचफुलाला शिसारी आली. आईनं जन्मभर खोटं सांगितलं होतं, त्याची आलीच. पण धाकट्या बहिणीचं, महामायाचं लग्न मलकापूरला जमलं होतं, साखरपुडा तोंडावर होता आणि आई लगेच पुढं म्हणाली, "साक्षगंधाले पोराले आणू नको." त्याची जास्त आली.

त्याच संध्याकाळी तिनं बहिणीला सगळं सांगितलं. "तुह्यातही असंन, नसंनही. रक्त तपासलं का कयते."

साक्षगंधाला पंचफुलानं नऊ वर्षांच्या पोराला उचलून आणलं आणि पाहुण्यांच्या पुढ्यातच बसवलं. नवरदेवाच्या चुलत्यानं विचारलं, "पोराले काय झालं?"

"पोलिओ," आईनं पेढ्याचं ताट पुढं करत चटकन सांगितलं.

गावाला डोस पाजणाऱ्या बाईच्या पोराला पोलिओ! पंचफुला संतापून उठली, पण तिच्या आधी महामाया बोलली.

"पोलिओ नाही. आमच्या घरच्या रक्तातला आजार हाय. माही तपासणी व्हायची हाय. ते होऊ द्या, मंग पेढा खा."

चुलत्यानं हातातला पेढा ताटात परत ठेवला. तेव्हा कुठं आई ढसाढसा रडली. नातवाचं उभं राहणं कायमचं बंद झालं, त्या दिवशी तिनं डोळ्याला पदरसुद्धा लावला नव्हता.