अफूची रिकामी पेटी

"पेटी रिकामी आहे असं तुम्ही लिहिलंय. मग ती दोघांनाही का उचलत नाहीये?"

ह्यूस्टनच्या वेअरहाउसमध्ये कस्टम्स ऑफिसरने मला विचारलं. मी कस्टम्स ब्रोकर. म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाचे कागद सरकारपुढे मांडायचे आणि माल अडकला की क्लायंटची बोलणी खायची.

पेटी इंग्रज अमदानीतली, दक्षिण चीनच्या समुद्रात पकडलेल्या अफूची. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या शेजाऱ्यांची मीरा म्युझियममध्ये क्युरेटर आहे. तिने ती प्रदर्शनासाठी हाँगकाँगहून मागवली होती. सोबत जुनं सर्टिफिकेट होतं: सगळी अफू बाहेर काढून जाळली. खाली चार साहेबांच्या झोकदार सह्या. त्या बघून मी खूश. फोटोही न मागवता फॉर्मवर 'रिकामी' असं ठोकून दिलं.

ऑफिसरने झाकणावर टॉर्च मारला. "हे लाखेचं सील जप्तीच्या दिवशीचं आहे. अजून शाबूत आहे. सील न तोडता अफू बाहेर कशी काढली?"

आत अफू निघाली असती तर माझं लायसन्स गेलं असतं.

"मावशी, सील ब्रेक नको ना करू देऊस! दॅट्स द होल एक्झिबिट!" पेटी न्यायला माझ्यासोबत आलेली मीरा रडकुंडीला आली.

"अगं, तुझं सील वाचेल, पण मावशी घरी बसेल त्याचं काय?"

मग मला आमच्या घरची रीत आठवली. कपाटाची किल्ली हरवली की बाबा मागून बिजागऱ्या काढायचे. ऑफिसरला सुचवलं. त्याने हसत स्क्रूड्रायव्हर मागवला.

आत गोणपाटात नीट गुंडाळलेली कौलं निघाली. टेस्ट केली, अफूचा कणही नाही. सील लागण्याआधीच कुणीतरी माल लंपास केला होता, आणि साहेबांनी पेटी न उघडताच तो जाळल्याचं लिहून दिलं होतं.

मीरा तर उड्याच मारायला लागली. "धिस इज सो मच बेटर!"

मलाही चेव आला. "काय एकेक नमुने! आत न बघता सह्या ठोकल्या!"

ऑफिसरने माझा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'रिकामी' या शब्दाखाली माझी सही होती. तीही झोकदार.

मी तो शब्द खोडून 'जुनी कौलं' लिहिलं. लेखी वॉर्निंगवर निभावलं. आता माल बघितल्याशिवाय मी सही करत नाही, आणि कागद फारच व्यवस्थित असतील तर दोनदा बघते.