पकडणाऱ्यांचे मास्तर

मास्तर माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचे, आधी पायांकडे. “टाच उचलली तुनं. आता पडशील,” हे त्यांचं रोजचं वाक्य. आणि समोरचा पडायचाच.

अड्याळच्या राइस मिलमध्ये ते हमाल होते आणि संध्याकाळी आमच्या कबड्डी संघाला शिकवायचे. सन पंचाहत्तरच्या आसपासची ही गोष्ट. हमालाला आम्ही मास्तर म्हणतो म्हणून लोक हसत. तेही लाजून हसत.

चढाई करणाऱ्यांना ते काही शिकवत नसत. “त्याहिले पाह्याले सारं गाव हाये. पकडणाऱ्याले कोण पाह्यते?” आम्ही चौघे पकडीचे गडी, तेवढेच त्यांचे. कोंड्यानं भरलेलं पोतं छातीशी धरून ते उभे राहायचे. आम्ही गुडघे वाकवून त्यांना पोत्यासकट मैदानाच्या टोकापर्यंत रेटत न्यायचं. परत आलो की पुन्हा.

मी तेव्हा वीस वर्षांचा, जाड आणि बोजड. कोणत्याच खेळात मला कोणी घेत नसे. मास्तरांनी पहिल्या दिवशी माझ्या मांडीवर थाप मारली. “हे भिंत हाये भिंत. काहून लपवून राहिला?” असं माझ्याबद्दल आधी कोणी बोललं नव्हतं.

माझा जोडीदार शंकर, कोष्ट्याचा मुलगा, स्वतःही हातमागावर विणायचा. तो वाकून चढाईवाल्याचा घोटा धरायचा आणि मी बाजूनं रेटून त्याला अडवायचं. “उडी मारायची नाही,” मास्तर मला बजावत. “खाली आपला गडी असते. आधी गडी, मंग पकड.”

सानगडीच्या सामन्याला नागपूरहून दोन साहेब आले होते. त्यांच्या खात्याच्या संघासाठी मुलं निवडायची होती, म्हणजे निवड झाली की नोकरी. शेवटच्या चढाईत शंकरनं घोटा धरला. रेटायचं सोडून मी उडी मारली, साहेबांना दिसावं म्हणून. चढाईवाला कोसळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हा दोघांच्या खाली शंकरचा गुडघा होता.

तो गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. मागाच्या पावड्या पायानंच दाबायच्या. त्याचा माग बंद पडला.

दुसऱ्या दिवशी आमच्या क्रीडा मंडळाची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, “उडी मारायले कोणं सांगतलं होतं?” निवडीची चिठ्ठी अजून यायची होती. मी म्हणालो, “मास्तरांनी. काल, हळूच कानात.”

मास्तर दाराशी बसले होते. त्या दिवशी त्यांनी थेट माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग अध्यक्षांना म्हणाले, “हो. मीच सांगतलं होतं. पोराची चूक नाही.”

त्यांना मैदानावर यायला मनाई झाली. मला नोकरी लागली. जाण्याआधी एकदा मिलवरून गेलो, तेव्हा ते पाठीवर पोतं घेऊन ट्रकच्या फळीवर चढत होते. त्यांनी मला पाहिलं नसावं, असं मी स्वतःला सांगितलं. आपल्या चुकीचा भार दुसऱ्यानं उचलल्यावर माणूस कसा झपाझप चालतो, हे तुम्हालाही कदाचित ठाऊक असेल.

दहा वर्षांनी कामानिमित्त अड्याळला उतरलो. मास्तर दोन वर्षांपूर्वीच वारले होते. बसस्टँडवर शंकरचा पानठेला होता. त्यानं मला ओळखलं, खूष झाला, मुलाबाळांची चौकशी केली. पान लावता लावता म्हणाला, “मास्तराच्या मातीले मी गेलो नाही गा. त्यानंच तुले उडी मारायले लावली ना. नाही जाववलं.”

मी तोंड उघडलं.

“घे,” म्हणून त्यानं पान पुढे केलं. पैसे घेतले नाहीत.

तेवढ्यात बस आली. मी पान तोंडात टाकलं आणि धावत जाऊन चढलो. बस पवनीची होती. मला भंडाऱ्याला जायचं होतं.