धाकूला हसू ऐकू येईना

धाकू ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्या आगऱ्याचा मुलगा. मीठ ओढायचं सोडून तो तमाशाच्या फडात शिरला आणि सोंगाड्या झाला. तुणतुणं वाजवत तो असं काही बोलायचा, की ठाण्यापासून कल्याणपर्यंत लोक पोट धरून हसायचे.

सन १८९१ मध्ये मोठा ताप आला आणि त्यानंतर त्याला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येईनासं झालं. त्यानं हे आपल्या बायकोला, आवडाबाईलाही सांगितलं नाही. बहिऱ्या सोंगाड्याला फडात कोण ठेवणार? हसणं ओसरलं की पुढचं वाक्य टाकायचं, हेच तर त्याचं कसब. आता तो लोकांची तोंडं बघून अंदाज बांधायचा.

कल्याणच्या जत्रेत भर दुपारी खेळ चालू असताना वारा सुटला. धुळीमुळे लोकांनी तोंडावर उपरणी धरली. ते हसताहेत की गप्प आहेत, धाकूला कळेना.

तेवढ्यात पायाखालच्या फळीला दोन हादरे बसले. शेजारी ढोलकीवाला आनंदा टाच आपटत होता. त्यानं मानेनं खूण केली, आणि धाकू पुढचं बोलला.

खेळ संपल्यावर धाकूनं विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक?"

आनंदा त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाला, "शिमग्यापासून. वहिनीनंच सांगितलं."

"तिला कसं कळलं?"

"ती हाक मारते नि तू वळत नाहीस."

धाकू पुढे सहा वर्षं फडात टिकला. पण दर खेळाआधी तो आनंदाला विचारायचाच, "आज माझ्याच बाजूला उभा राहशील ना रे?"