लमाराचे रविवार

लमाराला फिरायची हौस अजिबात नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण तिचे फोटो बघणाऱ्याला ते जन्मात पटायचं नाही. इटलीतल्या पोलिन्यानोच्या कड्यावर लमारा, मागं निळाशार समुद्र. ओस्तुनीच्या पांढऱ्या पायऱ्यांवर लमारा, डोळ्यांवर काळा चष्मा. कुठल्याशा चौकात कारंज्यापाशी लमारा, हातात आइस्क्रीम. बघणाऱ्यानं म्हणावं, बाई काय नशीब काढून आलीय. नशीब कसलं, डोंबल!

जॉर्जियात, इमेरेतीच्या डोंगरातल्या गावी, ती बालवाडीत पियानो वाजवायची आणि पोरांना गाणी शिकवायची. गावातली पोरं कमी होत गेली, बालवाडीला कुलूप लागलं. त्याच साली तिचा नवरा ओतार अक्रोड झोडताना झाडावरून पडला आणि कमरेतून लुळा झाला तो झालाच. लेक नातिया तेव्हा नुकती नर्सिंग शिकायला लागली होती. मग लमारानं तेच केलं जे त्या भागातल्या निम्म्या बायकांनी केलंय. दोन वर्षं इटलीला जाऊन येते म्हणाली आणि बारीला आली. इथं येणारी प्रत्येक बाई दोनच वर्षांसाठी येते. आठ वर्षांनंतर विचारलं तरी ती दोनच वर्षांचं सांगते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तिला म्हातारीचं करायची जागा मिळाली ती सिन्योरा फिलोमेनाच्या घरी. सिन्योरा अंथरुणाला खिळलेली. डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं, पण बोटांतली ताकद कायम होती. कूस बदलायला, डायपर बदलायला वाकलं की ती लमाराच्या दंडाला असा चिमटा घ्यायची की आठवडाभर काळानिळा डाग राहावा. वर चोर म्हणायची, रांड म्हणायची. लमाराची खाट त्याच खोलीत. सिन्योराचा मुलगा विंचेन्झो अधूनमधून यायचा, आईच्या कपाळाला ओठ लावायचा, फ्रीज उघडून काय कमी झालंय ते बघायचा आणि जायचा. माणूस वाईट नव्हता, असं लमारा म्हणायची. मला विचाराल तर चांगलाही नव्हता.

सुरुवातीला रोजचा फोन म्हणजे शिक्षा होती. नातिया पलीकडून नुसती रडायची. आई, परत ये, मला नाही शिकायचं, माझ्याच्यानं बाबांचं होत नाही. लमारा इकडं बाथरूमचा नळ सोडून बोलायची, म्हणजे आपलं रडणं ऐकू जाऊ नये. असे बरेच दिवस गेले. पोरीनं कॉलेज बुडवायला सुरुवात केली.

मग एका रविवारी त्सियालानं तिला ओढून नेलं. त्सियाला म्हणजे बारीतल्या आम्हा जॉर्जियन बायकांतली पुढारी. वीस वर्षं इथं काढलेली, तोंडाळ, मनानं मोकळी. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, ती एक मिनीबस ठरवायची आणि बायकांना कुठंतरी फिरवून आणायची.

"बये, असलं तोंड घेऊन बसशील तर ती म्हातारी तुला पुरून उरेल," ती लमाराला म्हणाली. "चल गुमान."

पोलिन्यानोला त्सियालानंच तिचा फोटो काढला आणि लमाराच्या फोनवरून नातियाला पाठवूनही दिला. थोड्या वेळानं पोरीचं उत्तर आलं, आई तू किती छान दिसतेस, तिथं एवढं छान आहे? त्या दिवशी नातिया रडली नाही. सोमवारी कॉलेजला गेली. लमाराचा जीव भांड्यात पडला आणि त्या दिवसापासून तिचे रविवार ठरून गेले.

आता हे फोटो कसे निघतात ते ऐका. त्सियालाकडं एक लाल कोट होता, चांगला लोकरीचा. तो मिनीबसमधल्या सगळ्याजणी पाळीपाळीनं घालायच्या. एकीच्या सासूनं म्हणे गावाकडून विचारलं होतं, तिकडं येणाऱ्या प्रत्येकीला सरकार कोट देतं का गं? त्यावर आम्ही महिनाभर हसलो. आइस्क्रीम एकच घ्यायचं, ते हातोहात फिरायचं, आणि शेवटच्या बाईच्या फोटोत ते मनगटावर ओघळलेलं असायचं. हात जवळून दिसू द्यायचे नाहीत, फिनाइलनं सोललेले असतात. कुणी कामाचा विषय काढायचा नाही. एखादी रडायला लागली तर तिचा फोटो सगळ्यात शेवटी. या गोष्टी कुणी कुणाला शिकवल्या नाहीत, पण नवी आलेली बाईसुद्धा दुसऱ्या रविवारी तयार झालेली असायची. गावाकडं तरी कुणाला माहीत नव्हतं का? सगळ्यांना माहीत होतं की या बायका परक्यांच्या म्हाताऱ्यांचं करतात. पण फोटो बघायला बरे वाटायचे, म्हणून पाठवणारीही पाठवायची आणि बघणारीही बघायची.

लमारा मात्र एक पाऊल पुढं गेली. तिनं नातियाला सांगितलं की सिन्योरा आजीसारखी माया करते, घरात पियानो आहे, संध्याकाळी मी वाजवते आणि ती ऐकते. पियानो होता, हे खरं. त्याच्यावर डायपरचे गठ्ठे असायचे.

लमाराचं देवाकडं एकच मागणं होतं. सेंट निकोलसच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावताना ती ते पुटपुटायची आणि शेजारच्या बाईला ऐकू जायचं. माझी पोर इथं यायला नको. तिनं बागेतल्या बाकांवर मायलेकी बघितल्या होत्या, आई एका म्हाताऱ्याकडं, लेक दुसऱ्याकडं, आणि लेकीचं पोर गावाकडं तिसऱ्याच कुणाकडं. माझी नातिया शिकेल, गावच्या दवाखान्यात नोकरी करेल, आपल्या घरात आपल्या पोरांना जेवू घालेल. बाकी काय वाटेल ते होऊ दे.

आणि तसंच होत गेलं की. नातिया नर्स झाली, दवाखान्यात लागली. तिचं लग्न झालं, ते लमारानं फोनवर बघितलं. ओतार वारला, तेव्हा तिला रजा मिळाली नाही. एलेने नावाची नात झाली, तिलाही फोनवरच बघितलं. नात चार वर्षांची झाल्यावर लमारानं ठरवलं की आता पुरे. द्राक्षं उतरायच्या आत घरी जायचं. जागा कुणाला द्यायची तेही ठरलं. आमच्यात जागा अशी सोडून देत नाहीत, आपल्या माणसाला देतात. लमारानं ती त्सियालाच्या चुलतबहिणीला कबूल केली होती.

तो शेवटून दुसरा की तिसरा रविवार. सगळ्या ओस्तुनीला गेल्या होत्या. त्या दिवशी लमारा खरंच हसत होती, फोटो नसतानाही. त्सियाला तिला म्हणाली, आता जाताना तरी खरं खरं बघून घे गं गाव, आठ वर्षं नुसती पाठ करून उभी राहिलीस. संध्याकाळी मिनीबस बारीला पोचली, तेव्हा स्टेशनमागं जॉर्जियाहून येणारी बसगाडी लागलेली होती. घरून येणारी पुडकी त्या गाडीतून येतात, चीज, अक्रोड, वाळवलेली तुळस. नातियानं आदल्या दिवशी सांगितलं होतं की तुझ्यासाठी काहीतरी पाठवलंय, गाडीपाशी जा. लमारा रांगेत उभी राहिली.

गाडीतून नातिया उतरली.

लमारानं लेकीला छातीशी धरलं. आठ वर्षांत पहिल्यांदा तिचा वास घेतला, तिच्या केसांतून हात फिरवला. मग तिची नजर खाली गेली. मोठी बॅग होती, दोरीनं बांधलेली. चार दिवस राहायला येणारं माणूस एवढी बॅग आणत नाही.

दोघी बाकावर बसल्या. नातियाचा चेहरा आनंदानं फुललेला. तिनं सांगितलं ते असं. दवाखान्याची नोकरी सोडली. एलेनेला सासूकडं ठेवलंय. नवरा कामासाठी पोलंडला गेलाय आणि त्याचा फोन येतोही, नाहीही. "तुझी जागा मला दे. तू घरी जा, दमलीयेस. मी थोडे दिवस करते," ती म्हणाली. "तुझे फोटो बघत बघत तिथं दिवस काढलेत मी. वॉर्डात रात्रपाळीला बसायचे आणि तुझे रविवार बघायचे. मलाही थोडं जगू दे की."

लमारानं अंगावर तसाच राहिलेला लाल कोट काढून बाकावर टाकला. बाही वर सारली आणि दंड पुढं केला. तिनं सगळं सांगितलं. चिमटे, शिव्या, खाट, फ्रीज, पियानोवरचे गठ्ठे. ओतार गेला त्या दिवशी म्हातारीला भरवताना ताटात पडलेलं स्वतःच्या डोळ्यातलं पाणी. आवाज चढत गेला, आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. त्सियालानं त्या बायकांना बाजूला नेलं.

नातिया नर्स होती. तिनं दंडावरचे डाग बोटानं चाचपले. जुने कुठले, नवे कुठले, तिला न सांगता कळलं.

"हे मला सांगायचं होतंस," ती म्हणाली.

"तू रडली असतीस."

"रडले असते," नातिया म्हणाली. "रडले असते आणि तिथंच राहिले असते, आई."

लमारा म्हणाली की ही गाडी परवा परत जाते, तिच्यातूनच माघारी जा. नातियानं नाही म्हणून मान हलवली. दवाखान्यातली जागा दुसऱ्या मुलीला दिलीय. घर बंद केलंय. सगळ्या गावाला सांगून आलेय, आईकडं चाललेय. परत कुठल्या तोंडानं जाऊ?

लमारानं मग स्वतःच थांबायचं म्हणून बघितलं. पण नातियाच्या सासूला मधुमेह, डोळ्यांनी अधू, ती पोरीला सांभाळणार किती दिवस? दोघींपैकी एकीनं तिकडं जायला हवं होतं आणि एकीनं पैशासाठी इकडं राहायला. नातिया अजून तरणी, तिच्यात ताकद होती. त्सियालाच्या बहिणीला नाही म्हणून कळवलं. त्सियाला एका शब्दानं काही बोलली नाही, आणि ती गप्प बसते तेव्हा समजायचं की डोक्यावरून पाणी गेलंय.

मग लमारानं आपल्या लेकीला काम शिकवलं. म्हातारीला वळवताना तिचे हात आधी टॉवेलात गुंडाळायचे. ती शिव्या द्यायला लागली की गुणगुणायचं. विंचेन्झो आला की उभं राहायचं. नातिया पटापट शिकली, हाताला वळण होतंच. पहिला चिमटा तिला तिसऱ्या दिवशी बसला. तिनं म्हातारीचे हात पुन्हा टॉवेलात गुंडाळले; लमारा ते दारातून बघत होती.

निघताना तिनं लेकीकडून वचन घेतलं. फोटो पाठवायचे नाहीत. एलेनेला खोटं दाखवायचं नाही. रडू आलं तर फोनवर रड, पण तिला कळू दे की तिथं काय आहे. तिला इथं यावंसं वाटता कामा नये. नातियानं कबूल केलं.

आणि तिनं ते पाळलं. फोन करायची ती स्वयंपाकघरातून, थकलेल्या तोंडानं, ओढलेल्या डोळ्यांनी. एलेनेनं दोन-चार वेळा विचारलं, आई, तू आजारी आहेस का? मग विचारायचं सोडलं आणि फोन आला की अंग टाकून रडायला लागली. हिवाळा आला. पोरीनं खाणं टाकलं. घास तोंडात धरून बसायची, गिळायचीच नाही. गावातल्या डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाला, हिला काही झालेलं नाही, हिला आई पाहिजे. लमारानं मक्याची भाकरी केली, चीज भरलेली गरम खाचापुरी केली, बालवाडीतली सगळी गाणी म्हणून झाली. पोरीच्या बरगड्या मोजता याव्यात अशी ती झाली होती. रात्री झोपेत दचकून उठायची आणि आई मेली का विचारायची.

एका रविवारी दुपारी एलेनेनं ताट ढकलून दिलं आणि भिंतीकडं तोंड करून पडली. लमारा तिच्याजवळ बराच वेळ बसली. मग उठून बाहेर ओट्यावर गेली. अंगणात बर्फ पडून चिखल झाला होता. तिनं नातियाला फोन लावला. नातिया बागेत एकटीच बसली होती, मिनीबस सकाळीच पोलिन्यानोला गेली होती.

"आगगाडीनं पोलिन्यानोला जा, समुद्रावर," लमारा म्हणाली.

"का?"

"केस नीट कर. त्सियालाकडून कोट घे. एक फोटो काढ आणि पाठव." तिनं पाठीमागचं दार ओढून घेतलं. "हसरा पाठव, माझी बाय."

नातिया म्हणाली, बरं.

दिवस मावळायच्या आत फोटो आला. लमारानं तो आधी स्वतः बघितला. मग आत जाऊन फोन पेल्याला टेकवून ताटापुढं उभा केला आणि एलेनेला उठवलं. पोरगी बघत राहिली. तिनं आईच्या तोंडावरून, मग समुद्रावरून बोट फिरवलं.

"आजी, मी मोठी झाले की मला पण तिकडं नेशील?" तिनं विचारलं.

लमारानं भाकरीचा तुकडा मोडला, चिजात बुडवला आणि तिच्या तोंडापुढं धरला. एलेनेनं तो चावून चावून गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं.