भिंगारदिवे सरांचा रखडलेला बॅकअप

जस्टिन भिंगारदिवे म्हणजे नगरच्या एका छोट्या दवाखान्याचे कॉम्प्युटरवाले. बत्तीस वर्षांपूर्वी केसपेपर लिहायला लागले आणि केसपेपर कॉम्प्युटरात गेले तेव्हा त्यांच्या मागोमाग तेही गेले. माणूस सरळ, पण चूक कबूल करणं त्यांच्या जिवावर येई. त्यांची बायको रूथ म्हणायची, "ह्यांची चूक शोधायला पोलीस लागतील."

दवाखान्याच्या सगळ्या नोंदींचा बॅकअप, म्हणजे एक जादा प्रत, रोज पहाटे आपोआप वेगळ्या डिस्कवर उतरायचा. चारला सुरू, सहाला खलास. सप्टेंबरात मात्र दहा वाजले तरी तो चालूच! तोवर मशीन मुंगीच्या पावलांनी चाले आणि केसपेपरच्या खिडकीवर पेशंट ताटकळत. सरांचं निदान तयारच होतं. "भीमाबाई फरशी पुसताना वायरी हलवते," असं त्यांनी सगळ्या स्टाफसमोर सांगून टाकलं. मॅनेजर रोहिणी मॅडमनी महिनाअखेरीस तिला कामावरून काढायचं ठरवलं.

सरांनी वायर बदलून पाहिली, तरी दहाच. मग त्यांनी मशीनमधल्या बॅकअपच्या वेळा तपासल्या. पहिला उशीर चौदा तारखेचा. त्या आठवड्यात तर भीमाबाई रजा घेऊन हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला गेली होती! आणि तेरा तारखेला जुनी डिस्क भरली म्हणून नवी कोणी लावली होती? खुद्द सरांनी. गुडघ्यांमुळे वाकवेना, म्हणून मशीनच्या मागची जलद खाच सोडून पुढच्या जुन्या, संथ खाचेत.

कण्हत-कुथत त्यांनी डिस्क मागे लावली. दुसऱ्या दिवशी बॅकअप सहाच्या ठोक्याला संपला. आता गप्प बसलं असतं तर कोणाला कळणारही नव्हतं. पण सरांना नाश्ता गोड लागेना. ते तडक नळावर गेले. भीमाबाई बादली भरत होती.

"भीमाबाई, चूक माझीच होती."

"मला येकटीला सांगून काय उपेग? माझं नाव घेतलं तवा समदी हुती की."

खरंच होतं. सर मॅडमना घेऊन केसपेपरच्या खिडकीशी आले. मागोमाग भीमाबाईही आली. स्टाफ होता, तीस-चाळीस पेशंटही होते. "बॅकअप माझ्यामुळे रखडला. भीमाबाईचा काडीचाही दोष नव्हता," सर पुटपुटले.

"मग भीमाबाई कुठंही जात नाही," मॅडम म्हणाल्या.

भीमाबाईनं पोछा भिंतीला टेकवला. "सर, जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू न्हाई आलं."

सरांनी घसा खाकरून तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. आणि नवल म्हणजे, दुसऱ्या खेपेला त्यांना ते मुळीच जड गेलं नाही.