एक कॉइल उलटी

त्याला सगळे कानसेन म्हणत. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बावीस वर्षं काढलेला माणूस. आजारी मोटार टेबलावर आली की हा स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि सांगायचा, "बेअरिंग गेलंय," नाहीतर "एक कॉइल उलटी जोडलीय." उलट्या कॉइलची मोटार नुसती घूं घूं करते, जागची हलत नाही. "आमच्याकडे मीटर नाही, कानसेन आहे," असं मालक गिऱ्हाइकांना तोऱ्यात सांगायचा.

घरी मात्र याच कानांनी त्याचा जीव खाल्ला होता.

आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने तिची चार गाणी घरीच रेकॉर्ड केली, तीही कपड्यांच्या कपाटात. दोन्ही बाजूंना रजया टांगून मधे आईला स्टुलावर बसवलं. बायकोने पेटीची साथ आधी वाजवून ठेवली होती, ती आईच्या हेडफोनमध्ये सोडली. "डांबराच्या गोळ्यांच्या वासात कोण गातं रे?" आई म्हणाली, आणि गायली. आठवड्याने तिचा आवाज गेला तो गेलाच. पुढे ती पाटीवर लिहून बोलू लागली.

कुठल्याही स्पीकरवर सारखी वाजतील अशी गाणी तयार झाली की मगच आईला ऐकवायची, असं त्याने मनाशी ठरवलं. त्यात दोन वर्षं गेली. हेडफोनवर गोड लागायचं ते मेव्हण्याच्या गाडीत घुमायचं. घुमणं काढलं की घरच्या स्पीकरवर आईचा आवाज पाण्यासारखा पातळ.

"अहो, मीठ झालं म्हणून पाणी, पाणी झालं म्हणून मीठ," बायको म्हणायची. "पातेलं भरलं आता. वाढा एकदाचं."

आईने तर पाटीवर लिहूनच दाखवलं होतं, 'मी गेल्यावर ऐकवणार का?'

"थोडं कच्चं आहे गं," तो म्हणाला होता.

मग आजार परत आला, आणि या खेपेला डॉक्टरांनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही. कानसेनला घाई सुटली. आईचा आवाज पेटीच्या पोटात अडकलाय असं त्याला वाटत होतं. म्हणून त्याने एक युक्ती केली. चारही गाण्यांत तोच आवाज डावीकडे दिला, उजवीकडेही दिला, पण उजवीकडचा उलटा करून, म्हणजे डावीकडची लाट वर जाईल तेव्हा उजवीकडची खाली. हेडफोनवर आई एकदम खोलीभर पसरली. गाडीत ऐकलं, घरच्या दोन स्पीकरांवर ऐकलं, ठीक होतं. शेवटची परीक्षा एरवी ओट्यावरच्या एका स्पीकरच्या रेडिओवर व्हायची. पण तो महिनाभर बंद पडला होता. "जगाच्या मोटारी दुरुस्त करता, माझा रेडिओ तेवढा सवतीचा," असं बायको रोज ऐकवत होती.

सकाळी दोघं वॉर्डात गेले. आईच्या गळ्याच्या ड्रेसिंगच्या पट्ट्या कानांवरून गेल्या होत्या, हेडफोन लावता येईना. बायकोने पिशवीतून मुठीएवढा स्पीकर काढून उशीशी ठेवला.

पेटी सुरू झाली. आईने डोळे मिटले. सुरुवातीचा तुकडा संपला, गाण्याची जागा आली, आणि नुसती पेटीच वाजत राहिली. त्याने आवाज वाढवला. पेटी मोठी झाली. दुसरं गाणं लावलं. तीच तऱ्हा. आईने डोळे उघडले, पाटी ओढली.

'पेटी छान. मी कुठे?'

"फाइल चुकली असेल, आई," तो म्हणाला. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या त्याच्या. वेळ संपली, आता चार वाजता या, असं सिस्टर सांगून गेली. बायकोला एकटीला बसायची परवानगी होती. तो आईकडे न बघताच उठला.

दुकानात मालकाने पंपाची मोटार चालू केली. घूं घूं.

"काय म्हणतेय रे?"

"एक कॉइल उलटी," तो सवयीने बोलून गेला, आणि तिथेच थिजला. उलटा आवाज आणि सुलटा आवाज. दोन स्पीकर वेगळे आहेत तोवर निभतं. एकाच स्पीकरमध्ये दोघं आले की एकमेकांना खातात, उरत काही नाही. पेटीला त्याने हात लावला नव्हता, म्हणून ती तेवढी उरली.

"ही तुम्ही बघा," म्हणून तो निघाला.

घरी दुरुस्तीला मिनिटही लागलं नाही. उजवीकडचा आवाज सुलटा करायचं एक बटण. मोबाइल ओट्यावर ठेवून त्याने गाणं लावलं. आधी आईचा श्वास आला, मग आई.

चार वाजता तो पोचला तेव्हा आईच्या तोंडावर मास्क होता. बायको स्टुलावर पाटी छातीशी धरून बसली होती.

"दुपारी दम लागला. इंजेक्शन दिलंय."

"उठेल ना?"

"उठतील असं कोणी म्हणालं नाही." तिने पाटी त्याच्याकडे फिरवली. आईचं अक्षर, उतरत गेलेलं.

'त्याला सांग, ऐकू आलं.'

"तुम्ही गेल्यावर लिहिलं," ती म्हणाली. "मला काही तसं खोटं सांगता येईना. म्हणून पुसलं नाही."

त्याने स्पीकर उशीशी ठेवला आणि हळू आवाजात गाणं लावलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मान वर केली. "कोण गातंय हो?"

"याच," बायको म्हणाली.

तो आईच्या पापण्यांकडे बघत होता. चार गाण्यांत त्या एकदाही हलल्या नाहीत. तिसऱ्या गाण्यात एका शब्दावर पेटी चढलेली त्याला ऐकू आली. त्याने ते मनावर घेतलं नाही. चौथं संपल्यावर पहिलं परत लावलं.